चहाचा रकाना

हिमांशुनं ‘चहा’ या शब्दावर पेन्सिलीनं आडवी रेघ मारली आणि वही आईपुढे सरकवली.

“हे बंद केलं, त सगळं बसते.”

पुष्पाबाईंनी वहीकडे पाहिलंच नाही. त्या सुपातले तांदूळ निवडत होत्या, निवडत राहिल्या.

त्यांचे यजमान गोपीचंदराव जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून आमगावच्या या तीन खोल्यांच्या घरात पुष्पाबाई एकट्या राहत होत्या, आणि तेव्हापासूनच नागपूरला राहणारा हिमांशु त्यांना घेऊन जायला टपला होता. बिचाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. आईचं वय अडुसष्ट, त्यात रक्तदाब. अवेळी फोन वाजला की त्याच्या छातीत धस्स व्हायचं. शेवटी मे महिन्यात तडजोड ठरली. तीन महिने पै न् पै लिहायची. बाबांच्या रेल्वेच्या चौदा हजार दोनशे पेन्शनमध्ये महिना भागून आजारपणासाठी तीन हजार बाजूला पडले, तर आईनं इथंच राहायचं. नाही पडले, तर घर भाड्यानं द्यायचं आणि नागपूर गाठायचं. पुष्पाबाईंनी लगेच होकार दिला होता. आपला खर्च तो काय, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

आज सप्टेंबरचा पहिला रविवार होता आणि शिल्लक निघत होते सहाशे.

“माय, एकट्या बाईले रोज सवा लिटर दूध कायले लागते? न् पाच किलो साखर?”

“येतात ना बाया.”

बाया म्हणजे सालेकशाकडच्या खेड्यांतल्या. सकाळच्या गाडीनं उतरायच्या, टोपलीत कधी दातणाच्या काड्या, कधी पत्रावळी, कधी रानातली अळंबी. बाजाराच्या वाटेवर पुष्पाबाईंची ओसरी. फार वर्षांपूर्वी त्यातल्या एकीला त्यांनी तांब्याभर पाणी दिलं होतं. त्या पाण्याचा चहा कधी झाला आणि एकीच्या सहाजणी कधी झाल्या, हे कुणालाच आठवत नव्हतं. स्टेशनवरचा रिक्षावाला चुन्नीलालही हल्ली त्यात सामील झाला होता.

“सव्वीसशे रुपये, माय. महिन्याले. तुझा चहा सोडून.”

“मंग टीव्ही काढून टाक. मी कुठं पायते?”

“त्याचे तीनशेच होतात.”

“दिवाळीचं लुगडं नको घेऊ.”

“ते वर्षातून एकदा, माय.”

“चष्मा राहू दे. जुन्यानं दिसते मले.”

हे ऐकून तो चिडला. डोळ्यांचा खर्च वाचवून बाजारच्या बायांना चहा पाजायचा, हा कुठला हिशोब? तो कंपनीत हिशोबच पाहायचा आणि कुठला खर्च गरजेचा आणि कुठला हौसेचा, हे त्याला झोपेतही कळायचं. आणखी कुठे काही सापडतं का म्हणून त्यानं ऑगस्टचं पान उघडलं.

नऊ तारखेपासून सोळापर्यंत आईच्या नीटस अक्षरात आठ ओळी होत्या. प्रत्येक ओळीत एकच: खर्च नाही.

“हे काय होय?”

पुष्पाबाईंचा हात सुपातच थांबला. वहीत खोटं लिहायचं नाही एवढंच त्यांनी पाळलं होतं. खरं लिहिल्यानं आपण पकडले जाऊ, हे ध्यानातच आलं नव्हतं.

“ताप होता,” त्या म्हणाल्या. “मी चूल पेटवलीच नाई.”

“आठ दिवस? न् मले फोन काऊन नाई केला?”

“तू घेऊन गेला असता.”

हिमांशुला ते दिवस आठवले. रोज संध्याकाळी तो फोन करायचा आणि रोज आई म्हणायची, पाऊस लई येऊन राहिला, बाकी बरं हाय.

“मंग खाल्लं काय तू?”

“त्या बायातल्या रुख्मानं पेज केली. दोन दिवस बाजारात नाई गेली ती, इथंच बसून राहिली. मंग पाळी लावली त्याहीनं. एक गाडीनं जाये, एक राहे. डॉक्टरकडे चुन्नीलालनं नेलं, दवाईही त्यानंच आणली. पैसे देऊन राहिली त घेत नाई. मंग लिहू काय?”

मागच्या वर्षी अंजूला, हिमांशुच्या बायकोला, डेंग्यू झाला होता. तेव्हा नऊशे रुपये रोजानं बाई ठेवावी लागली होती आणि शेजारच्या फ्लॅटला महिनाभरानं कळलं होतं. तोही खर्च त्यानं व्यवस्थित लिहून ठेवला होता. त्याला आईचा राग आला होता, तो अजून गेला नव्हता. पण त्याहून जास्त त्याला स्वतःची लाज वाटली.

फाटक वाजलं. डोक्यावर टोपली घेतलेली रुख्मा आत आली, परका माणूस पाहून पायरीवरच थबकली.

“पाव्हणे हायेत काय? उद्या येईन, बाई.”

पुष्पाबाईंनी तिला बसही म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही. त्यांनी मुलाकडे पाहिलं.

हिमांशुनं वही जवळ ओढली. चहावरची रेघ खोडरबरानं पुसली, खालच्या ‘आजारपण’ या रिकाम्या रकान्यात सव्वीसशे लिहिले, त्याखाली शिल्लक सहाशे. बेरीज बत्तीसशे, ठरलेल्या तीन हजारांच्या वर. मागचं कोरं पान फाडून त्यावर आपला फोन नंबर मोठ्या आकड्यांत लिहिला आणि पायरीपाशी जाऊन रुख्माच्या हातात दिला.

“माय नाई सांगत. तुम्ही सांगजा,” तो म्हणाला. “बसा, मावशी. चहा ठेवतो.”

तो आत गेला. भांड्यांचा आवाज आला, मग साखरेच्या डब्याचं झाकण निघालं. पुष्पाबाईंनी पदराच्या टोकानं डोळे पुसले आणि आतल्या दिशेनं आवाज दिला,

“साखर बेतानं टाकजो. लिहा लागते!”