अध्यक्षांचे बूट

सत्काराच्या सकाळी पोल्ट्री संघाच्या अध्यक्षांनी आपल्या शेडचं दार उघडलं. कोंबड्या माना टाकून बसल्या होत्या, तुरे निळे पडले होते.

त्यांना न्यायला गाडी आली, तशी त्यांनी घाईघाईनं फाटकाला आतून कुलूप घातलं. "कुणी आत येऊ नका! रोग आलाय!"

जनावरांची डॉक्टर असलेली लेक बाहेरूनच म्हणाली, "बाबा, वेळेत कळलंय. काल कुणाच्या शेडमध्ये गेला नव्हतात ना?"

अध्यक्षांनी पायांकडे पाहिलं. काल ते संघाच्या सभासदांकडे घरोघरी सत्काराची आमंत्रणं देत हिंडले होते. प्रत्येकानं त्यांना हौसेनं शेडमध्ये नेलं होतं. औषधाच्या पाण्यात बूट बुडवल्याशिवाय आत पाऊल टाकू नका, हे त्यांनीच जन्मभर कानीकपाळी ओरडून सांगितलेलं. पण खुद्द अध्यक्षांना अडवणार कोण?

"सगळ्यांच्या," ते म्हणाले.