पिवळ्या विमानातली दुसरी बॅटरी

मित्रांनो, मला तळहातावर घेतलेत तर निळ्या वेष्टनात गुंडाळलेल्या पाच बुटक्या नळकांड्या एवढेच तुम्हाला दिसेल. आता मी म्हातारी बॅटरी झाले आहे. पण एके काळी मी आकाशात फिरत असे, आणि तेही एकटी नाही, माझ्या बहिणीबरोबर!

आम्ही दोघी एकाच कारखान्यात, एकाच दिवशी जन्मलो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या लोवेल ट्वाइट नावाच्या निवृत्त गृहस्थांनी आम्हाला घरी आणले आणि एकीच्या पाठीवर 'एक', माझ्या पाठीवर 'दोन' असे लिहिले. त्यांच्या तळघरात एक मोठे पिवळे विमान तयार होत होते. ते सुरू केले होते त्यांच्या मेहुण्याने, हार्लनने. पंख पुरे झाले आणि हार्लन देवाघरी गेला. मग त्याची बहीण, म्हणजे लोवेलची पत्नी अर्लिस, ते अर्धवट विमान खोक्यात घालून घरी घेऊन आली. विमानाला कापड चढवताना ती हार्लनचा विषय काढत नसे. फक्त एकदा म्हणाली, "लोवेल, हे उडताना मला बघायचंय. आणि हे मोडलं ना, तर दुसरं करणारा आता कुणी नाही."

अशा विमानात माणूस बसत नाही. जमिनीवरून रेडिओने आलेला हुकूम विमानातला रिसीव्हर ऐकतो आणि छोट्या मोटरी पंखांच्या झडपा हलवतात. इंजिन बंद पडले तरी विमान तरंगत उतरवता येते. पण रिसीव्हर उपाशी राहिला, तर विमान कुणाचेच ऐकत नाही. म्हणून लोवेलने आम्हा दोघींना बसवले, दोघींना वेगवेगळी बटणे दिली. एक थकली तर दुसरी आहेच!

मैदानावर त्यांचा मित्र ड्वेन हसायचा. "अरे लोवेल, विमान उडवतोयस की विजेचं दुकान काढलंयस? एवढ्या वजनात माझं जेवण बसलं असतं."

"तुझं जेवण बसवायला मालवाहू विमान लागेल, ड्वेन," लोवेल म्हणायचे.

सुरुवातीला त्यांचा नेम कडक होता. आधी एकीचे बटण दाबायचे, झडपा हलवायच्या, वीज मोजणाऱ्या मीटरचा काटा बघायचा, बंद करायचे. मग दुसरीचे तसेच. पुढे विमान छान उडू लागले आणि नेम ढिला पडला. दोन्ही बटणे एकदम दाबायची, काटा वर दिसला की झाले. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती, पण बॅटरीला कोण विचारतो?

उन्हाळ्याच्या शेवटी इंजिनाच्या थरथरीने माझ्या बहिणीच्या बटणातली तार आतल्या आत तुटली. उड्डाणाआधीच्या रात्री चार्जरवर तिचे पोट भरले जाई, पण तिची वीज रिसीव्हरपर्यंत पोहोचतच नव्हती. बिचारी गप्प. मीटर लावला की माझ्या जोरावर काटा वर जाई. लोवेल खूश होऊन म्हणत, "दोघी ठणठणीत आहेत."

असे तीन शनिवार गेले. चौथ्या शनिवारी अर्लिस पहिल्यांदाच मैदानावर विमान बघायला आली. सोबत सफरचंदाचे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ आणि घडीची खुर्ची. ती येण्याआधीच लोवेलने सरावाची तीन उड्डाणे केली होती. दोघींच्या हिशेबाने सहा सहज झाली असती. पण मी एकटी होते, आणि आमच्या जातीची एक खोड आहे. शेवटपर्यंत आम्ही भरलेल्या दिसतो, मग एकाएकी पाय गळतात.

पिवळे विमान वर गेले. अर्लिसने डोळ्यांवर हात धरला. लोवेलने त्याला दोन गिरक्या घ्यायला लावल्या. मक्याच्या शेतावरून विमान फिरले तशी ती उठून उभीच राहिली. "आणखी एक फेरी घाल ना! हार्लन त्याच्या जुन्या विमानाने अशीच घालायचा, अगदी जमिनीजवळून!"

माझ्यात आता घोटभर जीव उरला होता. मी देवाचे नाव घेतले. झडपा जड हलू लागल्या. लोवेलच्या कपाळाला आठी पडली. "विमान उशिरा ऐकतंय. नको अर्लिस, उतरवतो."

"एकच रे!"

"नाही."

आयुष्यात प्रथमच कुणी मला न विचारता माझे म्हणणे ऐकले होते. विमान झाडांवरून आले, चाके गवताला लागली, आणि तिथेच, घरंगळत असताना, मी संपले. झडपा जागच्या जागी थिजल्या.

लोवेलने गुडघे टेकून माझे बटण बंद केले आणि बहिणीचे एकटीचे दाबले. काहीच हलले नाही. त्यांनी बटण उघडले, तर आतली तार तुटलेली.

ड्वेनने टोपी काढली. "माझं दुकानाचं बोलणं परत घेतो बाबा."

"म्हणजे इतके दिवस ही एकटीच ओढत होती?" अर्लिसने विचारले.

"हो. आणि मी दर वेळी दोघींना एकदम विचारत होतो."

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात, कॉफीच्या भांड्याशेजारी मी भरत पडले होते. मुलीचा, क्रिस्टनचा, फोन आला. "बाबा, तुम्ही दोघं बरे ना?"

"आम्ही दोघं—" लोवेल बोलता बोलता थांबले. अर्लिसकडे बघत राहिले. "मी बरा आहे, बाळ. आईला वेगळं विचार." आणि त्यांनी फोन तिच्या हातात दिला.

अर्लिसने फोन कानाशी धरला. मग हळू म्हणाली, "मी... नाही गं. सकाळी उठले की अजून हार्लनला फोन लावायला हात जातो माझा." लोवेलने खुर्ची सरकवून तिच्या जवळ घेतली. हार्लन गेल्यापासून रोज एका टेबलावर जेवूनही हे त्यांना ठाऊक नव्हते.

नवी तार आल्यावर माझी बहीण पुन्हा बोलू लागली. पुढे आम्ही दोघींनी दोन उन्हाळे ते विमान सांभाळले, आणि जमिनीजवळून ती फेरीसुद्धा घातली!

आता माझी ताकद उतरली आहे. तळघरातला लहानसा दिवा लावण्याचे काम माझ्याकडे आहे आणि मी त्यात सुखी आहे. मित्रांनो, दोन जण मिळून एक भार उचलत असतील, तर त्यांना एकत्र विचारून निघून जाऊ नका. एकाला बाजूला घ्या, जरा थांबा, मग दुसऱ्याला विचारा. आणि उत्तर येईपर्यंत काट्याकडे बघू नका, त्याच्याकडे बघा.