रविवारची वाट बघणारा टब

मित्रांनो, गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे तळाला चीर गेलेला एक निळा टब दिसतो ना, तो मीच! कारखान्यातल्या गरम साच्यातून मी बाहेर पडलो, तेव्हा माझ्यासारखे कितीतरी भाऊ एकात एक बसले होते. तेवढी दाटीवाटी पुन्हा कधी नशिबी आली नाही.

पुढे मी न्हाणीघरात कपडे भिजवले. या घरातली ठमी लहानपणी माझ्यातच बसून आंघोळ करायची. काय पाणी उडवायची, काय किंचाळायची! मग मला चीर गेली. तिच्या आईने मला फेकलं नाही. माती भरून गच्चीवर ठेवलं आणि पालक पेरला. "बाजारातली भाजी कधी तोडलेली, कोण जाणे! आपली कशी ताजी, सत्त्वाची," असं ती जिन्यात भेटेल त्याला सांगायची. मी अगदी फुलून जायचो.

पण खरं सांगू? ती यायची फक्त रविवारी. आठवड्याचा सगळा पालक एकदम कापायची आणि पिशवीत भरून फ्रीजमध्ये ठेवायची. मग शनिवारपर्यंत मी, माझे बोडके देठ आणि मला ओलं ठेवणारा टाकीचा गळका नळ. खालून भांड्यांचे, हसण्याचे आवाज यायचे. माझं नाव कुणी घेतंय का, म्हणून मी कान टवकारून ऐकायचो. (टबालाही दोन कान असतात बरं!) कधीमधी एखादा कावळा काठावर बसायचा, मातीत चोच मारायचा आणि निघून जायचा.

एका शनिवारी आत्या जेवायला आली. ती आहारतज्ज्ञ. जेवणानंतर आई मला दाखवायला तिला मोठ्या तोऱ्यात वर घेऊन आली.

"मग ताटातला पालक इतका मलूल कसा गं, वहिनी?"

"फ्रीजमधला होता. गेल्या रविवारी कापलेला."

"अगं, मग बाजारातला काय वाईट? लोह टिकतं, पण तोडल्यापासून क जीवनसत्त्व कमी होत जातं. फोलेटही. आज तोडून आजच विकलेली जुडी तुझ्या पालकाला मागे टाकेल!"

आईचं तोंड एवढंसं झालं. "मग ही अडगळ हवी कशाला? उद्याच भंगारात देते."

माझ्या मातीतला ओलावाच आटला. पण मागे उभी असलेली ठमी उसळली, "टबाने काय केलं गं? जिने चढायचा कंटाळा तुझा, आणि शिक्षा त्याला?"

"मग तू चढ!"

"चढते! बघच तू."

आणि मित्रांनो, ती खरंच रोज संध्याकाळी येऊ लागली. लागतील तेवढीच बाहेरची मोठी पानं खुडायची, मधली कोवळी राखायची. धुतली की लगेच कढईत! पण पान वाढायला वेळ लागतो. एके दिवशी खुडण्याजोगं एकही पान उरलं नाही. जिन्यात तिची पावलं वाजली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता ही उद्यापासून कशाला येईल?

ठमीने वाकून पाहिलं. "काहीच नाही होय? बरं." तिने हातातली वाटी उपडी ठेवली, माझ्या काठाला पाठ टेकली आणि दिवे लागेपर्यंत मैत्रिणीशी झालेल्या भांडणाची अख्खी हकीकत मला सांगितली.

मित्रांनो, घरची भाजी तोडल्या तोडल्या खा. फ्रीजमध्येच कोंडायची असेल, तर बाजारातली ताजी जुडी बरी. आणि घरी लावलीत, तर तिच्याकडे रोज या. तोडायला काही नसलं, तरी या.