पोट भरेपर्यंत

नवव्या दिवशीही निकांद्रोसने पाहुण्याच्या हातावर पाणी घालायला सुरई उचलली, आणि नवव्या दिवशीही पाहुण्याने मेंढीचं हाड पुन्हा तोंडात घातलं.

सुरई खाली ठेवावी लागली. पाहुणा पोटभर जेवून हात धुवेपर्यंत त्याला "आपण कोण, कुणाचे, कुठले" असं विचारायचं नाही, हा झ्यूसचा नियम. झ्यूस पाहुण्यांचा पाठीराखा होता. यजमानांचा पाठीराखा कोण, हे निकांद्रोसला साठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

चुलीपाशी त्याची बायको मेलिता कुजबुजली, "गोठ्यात काय उरलंय, ठाऊक आहे?"

"बैल."

"एक बैल. नांगराला दोन लागतात. दुसरा कोण, ते मी बोलत नाही."

"त्यांचं जेवण व्हायचंय अजून."

"ते हाड परवा कुत्र्यानं सोडलंय. नाव विचारा आणि लावा वाटेला."

निकांद्रोसला नावांचा कंटाळा आला होता. तीन वर्षांपूर्वी त्याचा मुलगा थेरोन समुद्रापलीकडच्या किनाऱ्यावर कुणाच्या तरी भाल्याने पडला. तेव्हापासून गावातले म्हातारे भेटले की विचारत, "मारणाऱ्याचं नाव कळलं का?" नाव कळलं की भिंतीवरचा भाला काढायचा, समुद्र ओलांडायचा आणि सूड घ्यायचा, बापाची अब्रू त्यातच. "नाव तेवढं कळू दे, मग बघा," निकांद्रोस भरदार आवाजात सांगे आणि घरी येऊन गुडघे शेकत बसे.

मेलिताने पाहुण्यापुढे चिजाचा तुकडा आपटला. यानंतर तरी उठेल, असा हिशेब. त्याने तो खाल्ला आणि चावता चावता थांबला.

"अंजिराच्या चिकानं विरजलंय ना?"

"कुणी सांगितलं?" मेलिताने विचारलं. हे विचारायला नियमाची आडकाठी नव्हती.

"त्याचं नाव नाही कळलं मला." पाहुणा ताटाकडे बघत होता. "मी भाला उपसला तेव्हा म्हणाला, आई चीज करते अंजिराच्या चिकाचं, खाडीवरचं तिसरं घर. कधी गेलास तर खाऊन बघ." त्याने हाड पुन्हा हातात घेतलं. "पहिल्याच दिवशी सांगणार होतो. रोज ठरवतो, आणि रोज हाड तोंडात घालतो."

चुलीत एक लाकूड खचलं. कुणी ते सारलं नाही.

पाहुण्याने हाड ताटात ठेवलं आणि दोन्ही हात पुढे केले.

"झालं माझं, बाबा. घाला पाणी. मग विचारा."

निकांद्रोसने सुरई उचलली. भिंतीवरच्या भाल्याकडे पाहिलं. तो बराच उंचावर होता, तिथे पोचायला चौरंग लागला असता. पाणी जमिनीवर सांडत होतं, हातांवर एक थेंब पडत नव्हता.

मेलिता उठली. तिने नवऱ्याच्या हातातून सुरई काढून घेतली आणि चुलीमागे नेऊन ठेवली. परत येताना तिने पाहुण्याकडे पाहिलं नाही.

"इतक्यात कसले हात धुता," ती म्हणाली. "पोट कुठं भरलंय तुमचं?"

मग नवऱ्याकडे वळली.

"आणि तुम्ही बसलात काय? बैल कापायचाय."