ठिपक्याभोवतीचा उजेड

दौलतरावांनी लेकीच्या हातातली बॅग काढून घेतली, तिला खांद्याला धरून वळवलं आणि मान वर करायला लावली. कामरगावच्या स्टँडवर, रसवंतीला लागून, भलामोठा फ्लेक्स लागला होता. 'गावाची शान, डॉ. नीलिमा यांचे हार्दिक अभिनंदन.'

नीलिमानं आधी स्वतःला पाहिलं. फ्लेक्सवाल्या मोईननं तिला चांगलीच उजळ करून टाकली होती. त्याचा हातच तसा. नवरदेव असो की पुढारी, कुणालाही जसंच्या तसं छापणं त्याच्या जिवावर यायचं. मग तिची नजर शेजारच्या चित्रावर गेली. काळ्याभोर आभाळात एक ठिपका होता. नुसता ठिपका.

"तू पाठवला होता तोच फोटो," दौलतराव म्हणाले. "जरासा धुरकट होता. मोईनले म्हटलं, पोरीचं काम हाय, चांगला साफ कर. आर्धा दिवस बसला बिचारा."

ते धुरकट म्हणजेच तिची चार वर्षं होती. दूरच्या दीर्घिकेला वेढून बसलेला वायूचा अवाढव्य ढग, आणि पृथ्वीचा पत्ताही नव्हता तेव्हा तिथून निघालेला त्याचा मंद उजेड. तो हौसेनं पुसून घेऊन बाप आता शाबासकीची वाट पाहत उभा होता. असल्या माणसावर रागावायचं तरी कसं?

"छान झालं, बाबा," ती म्हणाली.

रात्रीच्या जेवणाला त्यांनीच विषय काढला.

"लोकं इचारतात, तुह्या पोरीनं काय शोधलं? मी सांगतो, थो ठिपका. बराबर हाय ना?"

जगात इतर कुणाला कळलं नसतं तरी चाललं असतं. बाबांना कळायला हवं होतं.

"ठिपका तं साऱ्याइलेच दिसते, बाबा. त्याच्या भवताल वायू असते, लय फिक्का. त्याच्यावरच थो ठिपका वाढते. मी थो वायू पाह्यतो."

दौलतरावांचा घास हातातच राहिला.

"म्हंजे धुरकट होतं थे..."

"जेवा आता."

त्यांनी खाली मान घालून ताट संपवलं. चंपाबाईंनी लेकीकडे असं पाहिलं, की कशाला सांगितलं असं तिला होऊन गेलं.

सकाळी ती उठली तर बाबा घरात नव्हते.

"भिंतीचा उरलेला रंग घेऊन गेले," चंपाबाई म्हणाल्या. "कायले, थे मले नाई सांगतलं."

ती स्टँडवर पोचली तेव्हा दौलतराव शिडीवर होते. खाली जीपवाले चहा पीत सल्ले देत होते. ओल्या फडक्यानं ते ठिपक्याभोवती पांढरा रंग पुसट पुसट पसरवत होते. लेकीला पाहून त्यांनी विचारलं,

"कुठलोक न्याचं?"

तिला हसू आणि रडू एकदमच आलं. तिनं शिडी धरली.

"आनखी, बाबा."

"इथलोक?"

"आनखी. लय मोठा असते थो."

फडकं सरकत सरकत चित्राच्या कडेला पोचलं. तिथं शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग होती, आणि रांगेत पहिलेच दौलतराव, मोईननं चढवलेल्या कोटात. फडकं थांबलं.

"बस झालं, बाबा."

"लय मोठा असते म्हनली ना तू," ते म्हणाले, आणि फडकं पुन्हा रंगात बुडवून त्यांनी आपल्याच चेहऱ्यावरून हलकेच फिरवलं.