भाजणीतला प्राणी

कर्वेनगरातल्या त्या सोसायटीत एक लिफ्ट होती आणि सत्याची चाड असलेला एक माणूस होता. लिफ्ट मधूनमधून बंद पडायची. माणूस मात्र कधीच बंद पडत नसे. त्याचं नाव यज्ञेश्वर घैसास.

यज्ञेश्वर घैसासांशी उल्काताईंनी लग्न का केलं, हे सोसायटीला न सुटलेलं कोडं होतं. उल्काताईंना मात्र उत्तर पक्कं ठाऊक होतं. बघायच्या कार्यक्रमात या तरुणाने एकदाही मान वर केली नाही. तो पोह्यांत खडा शोधत होता. मान खाली असल्यामुळे उल्काताईंना फक्त त्याच्या पापण्या दिसल्या. पण काय त्या पापण्या! दाट, लांब, टोकाशी वळलेल्या. त्यांच्यावर दोन रुमाल वाळत घातले असते तरी वाकल्या नसत्या. उल्काताईंनी तिथल्या तिथे मनात होकार दिला. खडा सापडला की नाही, ते त्यांना पुढे संसारात कळलं. यज्ञेश्वरना तो नेहमीच सापडायचा.

पुढे ते निवृत्त झाले आणि खडे शोधायला अख्खा दिवस मोकळा मिळाला. दुधात पाणी, पाण्यात गाळ, वर्तमानपत्रात चुका. मुलगी स्वराली हडपसरला नोकरीला होती. बाबांनी तिला फोनवरून पावाच्या लादीतल्या भोकांचं वर्णन ऐकवलं, तेव्हा तिने वाढदिवसाला त्यांना घरी वापरायचा सूक्ष्मदर्शक पाठवून दिला.

"त्यांना रमायला काहीतरी हवं गं आई," ती म्हणाली.

"अगं, साध्या डोळ्यांनी त्यांना एवढं दिसतं," उल्काताई म्हणाल्या, "आणि तू चारशेपट दाखवणारं यंत्र धाडलंस? विळ्याला धार लावून माकडाच्या हातात दे की मग."

पण पहिले काही दिवस बरे गेले, हे कबूल करायला हवं. यज्ञेश्वर लहान भिंगातून बघायचे आणि चक्क खूश व्हायचे. मिठाचा कण चौकोनी निघाला, पेठेतल्या पाटासारखा. कांद्याचा पापुद्रा म्हणजे विटांची भिंत, आणि तीही ओळंब्यात. जानव्याचा दोरा पाहून ते थोडे गंभीर झाले, कारण तो नाड्यासारखा दिसत होता. मेलेल्या मुंगीच्या पायावर केस होते. "माझ्या डोक्यापेक्षा जास्त," असं ते स्वतःहून म्हणाले, आणि त्या दिवशी उल्काताईंनी आनंदाने गोडाचा शिरा केला.

यंत्राबरोबर एक माहितीपत्रक आलं होतं. यज्ञेश्वरनी ते पोथीसारखं वाचलं. त्यात एक वाक्य होतं: पाहताना चष्मा काढून ठेवावा. झालं! घरात नियम झाला. देवळात जाताना चपला काढतात, यंत्राशी जाताना चष्मा. त्यांनी स्वतःचाही काढला.

इकडे दिवाळी जवळ आली. सोसायटीची जुनी पद्धत होती. दिवाळीआधीच्या रविवारी सगळ्या बिऱ्हाडांच्या बायका आपापला सोऱ्या घेऊन खाली पार्किंगमध्ये जमायच्या, शेगड्या पेटायच्या आणि साऱ्या इमारतीच्या चकल्या एकत्र व्हायच्या. सोऱ्या ज्याचा त्याचा, तेल वर्गणीचं, पण भाजणी उल्काताईंची. तांदूळ आणि डाळी धुऊन, जुन्या सुती साडीवर सावलीत वाळवून, एकेक धान्य वेगळं, मंद आचेवर भाजायचं. धणे-जिरे शेवटी. गिरणीत त्या स्वतः उभ्या राहायच्या आणि आधी कुणाची ज्वारी दळली असेल तर गिरणीवाल्याकडे नुसत्या बघायच्या. तो निमूटपणे जातं झाडायचा. सोसायटीत उल्काताईंना दुसरं पद नव्हतं. चेअरमन नाही, सेक्रेटरी नाही. पण त्या रविवारी परात मधोमध ठेवून त्या बसल्या की चेअरमनसुद्धा विचारूनच पाण्याचा तांब्या उचलायचे.

त्या वर्षी भाजणी दळून घरी आली आणि नेमकं त्याच दुपारी यज्ञेश्वरनी लहान भिंग बाजूला सारून पहिल्यांदा मोठं भिंग लावलं. हाताशी डबा होता. चिमूटभर भाजणी काचपट्टीवर गेली.

"उल्का!" आतून आरोळी आली. "इकडे ये! भाजणीत प्राणी आहे!"

"किडा?"

"किडा कसला! प्राणी! काळा. नुसते पाय! वाकडे, लांब. मधूनमधून हलतोय. धड दिसतच नाही. धड बहुधा खाली लपवतो."

उल्काताईंनी येऊन यंत्राला डोळा लावला. चष्मा नाकावर तसाच. त्यांना सोनेरी, खडबडीत कण दिसले. दुसरं काहीही नाही.

"चष्मा काढ," यज्ञेश्वर म्हणाले.

"काढणार नाही. चष्म्याशिवाय मी तुम्हालाही ओळखत नाही."

"म्हणूनच तुला दिसत नाही."

"दिसत नाही, कारण नाही."

एखाद्या साध्या नवऱ्याने इथे विषय मिटवला असता. पण यज्ञेश्वर सत्यापुढे नातं मानत नसत. बायकोच्या भाजणीची बाजू घेतली असं कुणी म्हणू नये, म्हणून ते तडक चेअरमन अनिरुद्ध भागवतांकडे गेले. भागवत आले, चष्मा काढला, डोळा लावला आणि दचकले.

"आहे हो! पण फार पाय नाहीत. चार-पाच. विरळ."

"नीट बघा. माझ्या वेळी पन्नास होते."

"मग गळले असतील. म्हातारा असेल प्राणी."

मागोमाग सुशीलाबाई आल्या. यवतमाळच्या, दुसऱ्या मजल्यावरच्या, उल्काताईंच्या भाजणीच्या सगळ्यात जुन्या भक्त. त्यांना खरं तर काहीच दिसू नये अशी इच्छा होती. पण चष्मा काढून त्यांनी बघितलं आणि छातीला हात लावला.

"अगं माय! पाय हालवते न थो! उल्काताई, मी काही बोलणार नाही, पण हाय जी थो!"

अशी रांगच लागली. चष्मा काढायचा, बघायचं, दचकायचं. प्रत्येकाला दिसला, आणि प्रत्येकाचा वेगळा. कुणाचा केसाळ, कुणाचा बारीक, तिसऱ्या मजल्यावरच्या पायलचा तर ऐटीत वर वळलेला, गडद काळा. "हा कुठेतरी निघालाय असं वाटतं," पायल म्हणाली. इतक्या जणांनी इतक्या तऱ्हांनी पाहिलेली गोष्ट खोटी कशी असेल? यज्ञेश्वरनी आलेख-कागदावर त्याचं चित्र काढून भिंतीला लावलं. दाट, लांब, टोकाशी वळलेले पाय. उल्काताई त्या चित्रासमोर उगाच थबकल्या. कुठेतरी पाहिल्यासारखं वाटत होतं. पण कुकरची शिट्टी झाली आणि ते राहून गेलं.

भागवतांनी निर्णय सांगितला तो जिन्यात, उभ्याउभ्या, नजर चुकवत. "उल्काताई, गैरसमज नको. या वर्षी आपण पाकिटातली भाजणी आणू. आमच्या मेव्हणीचं दुकान आहे, तिच्याकडून. मुलंबाळं खाणार, जोखीम नको. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी काय बघू? प्राणी मोठा झाला का ते?"

भागवत हसले नाहीत. उल्काताईही हसल्या नाहीत. त्या वर आल्या आणि डब्याचं झाकण लावून तो ओट्याखाली सरकवला. मेलेल्या माणसाचं नाव घेऊ नये तसं त्या दिवसभर भाजणीचं नाव कुणी घेतलं नाही. यज्ञेश्वर जेवताना म्हणाले, "तुझ्यावर आरोप नाही. आरोप धान्यावर आहे."

"धान्य मी निवडलंय."

"म्हणजे डोळ्यांचा दोष."

"तो आहेच," उल्काताई म्हणाल्या. "निवडताना पापण्याच बघितल्या."

यज्ञेश्वरना काही उमगलं नाही. त्यांनी आमटी वाढून घेतली.

शनिवारी सकाळपासून उल्काताईंचा डावा डोळा लवत होता. सुशीलाबाई वाटीभर साखर परत द्यायला आल्या होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "डावा लवते? बाईचा डावा लवला तं चांगलं होते जी! पाहा तुम्ही."

"माझ्या घरात चांगलं व्हायचं तर आधी ते यंत्र बिघडलं पाहिजे."

दुपारी यज्ञेश्वर झोपले. त्यांचं घोरणं नियमित सुरू झालं, तशा उल्काताई टेबलापाशी आल्या. ज्याने आपलं नाव घालवलं त्याचं तोंड तरी पाहावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. काचपट्टीवर चिमूट टाकली, चष्मा काढला आणि डावा डोळा लावला, कारण उजव्यात मोतीबिंदू पिकत होता.

आधी त्यांना भाजणी दिसली. आणि त्या प्राण्याला विसरूनच गेल्या. गुळाच्या ढेपा फोडून उन्हात मांडाव्यात तसे डाळीचे कण, कडेला किंचित करपलेले. तांदळाचे बर्फासारखे. मधेच धण्याचं एक सालपट, होडीसारखं. आपण इतकी वर्षं हे करत होतो आणि कुणी दाखवलं नाही, असं त्यांना वाटलं.

मग वरच्या कडेला तो दिसला. काळा. चार-सहा अशक्त पाय.

त्याच क्षणी उल्काताईंचा डोळा लवला. आणि प्राणी टुणकन उडाला.

त्या थांबल्या. श्वास रोखला. प्राणीही थांबला. डोळा पुन्हा लवला. प्राणी पुन्हा उडाला. तिसऱ्यांदा त्यांनी मुद्दाम पापणी मिटली, उघडली. प्राण्याने नम्रपणे खाली जाऊन वर येऊन दाखवलं. त्यांनी काचपट्टीच काढून टाकली. खाली नुसता उजेड. आणि उजेडात प्राणी, जागच्या जागी, हक्काचा.

उल्काताईंनी चष्मा चढवला आणि मान वळवून भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. दाट, लांब, टोकाशी वळलेले. मग पलंगाकडे पाहिलं. तिथे तो प्राणी जोडीने मिटलेला होता आणि घोरत होता. त्यांनी तोंडात पदर कोंबला, तरी हसू बाहेर आलंच.

रविवारी पार्किंगमध्ये शेगड्या मांडल्या गेल्या. मेव्हणीची पाकिटं रांगेत उभी होती. उल्काताई खाली उतरल्या त्या एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात यंत्र घेऊन. पाठोपाठ यज्ञेश्वर, विजेची वायर सांभाळत.

"हे आणि कशाला?" भागवतांनी विचारलं.

"प्राण्याचा निरोप समारंभ," उल्काताई म्हणाल्या. "सगळ्यांनी पाहिलाय, सगळ्यांनी यावं."

यज्ञेश्वर प्रसन्न दिसत होते. सत्याला इतकी गर्दी क्वचितच जमते. त्यांनी चष्मा काढला, डोळा लावला आणि जाहीर केलं, "आहे. जागच्या जागी."

उल्काताई वाकल्या. चारचौघांत सांगून टाकायचं, असं त्या रात्रभर घोकत होत्या. वाक्यही तयार होतं. पण इतक्या जवळून ती पापणी भिंगाला टेकलेली दिसली, आता अर्धी पांढरी झालेली, तरी वाकलेली नाही, आणि ते वाक्य घशातच राहिलं. त्यांनी नुसतं त्यांच्या कानाशी म्हटलं, "अहो, जरा डोळा मिचकावा."

"काय?"

"मिचकावा म्हणते ना."

सगळी सोसायटी बघत होती. भर पार्किंगमध्ये, दिवसाढवळ्या, यज्ञेश्वर घैसासांनी बायकोच्या सांगण्यावरून डोळा मिचकावला. पायलने तर फोनच काढला. त्यांनी पुन्हा मिचकावला. मग आणखी एकदा, सावकाश. मग ते यंत्रावरून मान काही वर काढेनात. मान वर काढली की बोलावं लागणार होतं.

"काका, झाला का तपास?" भागवत म्हणाले. "तेल तापलंय."

यज्ञेश्वरनी आधी खिशातून चष्मा काढला, पुसला, घातला. मगच तोंड वर केलं. ते लाल झालं होतं.

"हा प्राणी," ते म्हणाले, "भाजणीतला नाही."

"मग कुठला?"

आता सत्य बोलायची त्यांची पाळी होती आणि ते त्यांना जन्मात पहिल्यांदा जड जात होतं. त्यांनी एकदा पाकिटांकडे पाहिलं, एकदा उल्काताईंकडे.

"आमच्या घरातला आहे. जुना. भाजणीचा काही संबंध नाही. दोष बघणाऱ्याचा. आणि... प्राणी निरुपद्रवी आहे."

"निरुपद्रवी मुळीच नाही," उल्काताई म्हणाल्या. "पण पाळीव आहे."

सुशीलाबाईंना अर्थ कळला की नाही कोण जाणे, पण कौल कळला. त्यांनी डब्याचं झाकण उघडून भाजणी परातीत ओतलीसुद्धा. भागवत म्हणाले, आपल्याला पहिल्यापासून शंका होतीच, एवढा विरळ प्राणी असतो का कुठे. पाकिटं सन्मानाने त्यांच्या घरी परत गेली आणि मेव्हणीच्या भाजणीची थालीपीठं ते होळीपर्यंत खात होते, असं लोक सांगतात. लोक काहीही सांगतात. संक्रांतीपर्यंत खाल्ली असतील.

त्या दुपारी यज्ञेश्वरनी न सांगता एक सोऱ्या उचलला आणि चकल्या पाडल्या. पहिली तुटली. दुसरी चंद्रकोर झाली. तिसरी गोल झाली, पण त्यांचं समाधान होईना. त्यांनी तळलेल्या चकलीचा तुकडा हळूच यंत्राखाली धरला, चष्म्यासकट.

"उल्का, काटा बघ! सह्याद्री आहे सह्याद्री!"

"काटा जिभेने बघायचा असतो," उल्काताई म्हणाल्या, आणि तो तुकडा यंत्राखालून काढून त्यांच्या तोंडात घातला. यज्ञेश्वरनी डोळे मिटून चावला. त्यांना त्यात खडा सापडला नाही. त्यांनी शोधलाच नाही, असंही असेल.