बटणांच्या डबीतल्या गोळ्या

कारखान्यात दोघी शेजारी बसून शर्टांना बटणं लावायच्या, ती आणि मावशी. नात्याची नव्हे, दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्यांच्या रांगेत भेटलेली मावशी. गोळ्या कारखान्यातच, बटणांच्या डबीत ठेवायच्या, वर कापूस दाबायचा, हे मावशीनंच शिकवलं. "डबी वाजली की आजूबाजूचे कान टवकारतात गं."

'दोघं तपासून घेऊ' असं ती स्वतः आपल्या नवऱ्याला एकदाच म्हणाली होती. "कुठं शेण खाल्लंस?" एवढंच तो बोलला. बाकीचं हातानं. डाव्या कानानं तिला अजून नीट ऐकू येत नाही.

काल घरी न्यायच्या शर्टांबरोबर बटणांच्या डबीऐवजी चुकून गोळ्यांची डबी गेली. सकाळी कारखान्यात डबी उघडली, तर आत निव्वळ बटणं. गोळ्या घरीच राहिल्या होत्या.

दुपारी नवरा कारखान्याच्या दारात उभा. हातात डबी.

"ही कुठली बटणं गं? ओवून दाखव जरा."

मशिनी थांबल्या. मावशी उठली.

"माझी डबी आहे ती. एचआयव्हीच्या गोळ्या आहेत. आण इकडे."

मावशीनं इतकी वर्षं जपलेलं एका दमात सगळ्यांपुढे सांडलं. त्यानं डबी टेबलावर टाकली, हात पँटला पुसला.

"असल्या बाईशेजारी बसतेस? चल घरी. आजपासून काम बंद."

मनगट त्याच्या मुठीत. काम बंद म्हणजे मावशी बंद, गोळ्या बंद, आणि दाराला आतून कडी. गप्प राहिली असती तर आज वाचली असती. फक्त आज.

"माझ्या आहेत," ती म्हणाली. आवाज दोऱ्याएवढा. "गोळ्या माझ्या आहेत. मी येत नाही."

त्याचा हात वर गेला. मध्ये इस्त्रीवाली आली, तापलेली इस्त्री घेऊन.

"भावजी, कॉलर चुरगळलीय तुमची. करू सरळ?"

कुणी हसलं नाही. एकेक बाई उठून तिच्यामागं उभी राहिली. मूठ सुटली.

तो गेला, पण समोरच्या फुटपाथपर्यंतच. तिथं उभा राहून खिडकीकडे बघत राहिला.

"आज माझ्याकडे झोप," मावशी म्हणाली.

"त्याला तुझं घर माहीत नाही ना?"

मावशीनं खिडकीबाहेर पाहिलं.

"आपल्या मागं मागं आला की कळेल."

इस्त्रीवालीनं प्लग काढला. "मग सगळ्याच जाऊ," ती म्हणाली, आणि चप्पल शोधू लागली.